आईनं ओव्हरफ्लोला बोळा कोंबला

मंडळी, खाऱ्या पाण्याच्या ॲक्वेरियमला ओव्हरफ्लो एक ठेवावा की दोन, याचा निकाल आज आमच्या आईनं लावला.

माझ्या टाकीतलं जादा पाणी एका भोकातून, म्हणजे ओव्हरफ्लोमधून, खालच्या टाकीत पडतं, पंप ते परत वर चढवतो. दुपारी मी धाराशिवच्या बाजारात होतो. आईनं पाण्याचा आवाज ऐकला आणि भोकात चिंधीचा बोळा कोंबला. बहात्तरच्या दुष्काळात घागरभर पाण्यासाठी विहिरीत उतरलेली बाई ती. पंप मात्र पाणी वर चढवतच राहिला. हॉलभर पाणी!

"पाणी वाहतंय अन् मी गप बसू व्हय?" वर माझ्यावरच खेकसली.

मासे ठीक आहेत. आता दुसरं भोक, थोडं वर आणि जाळीआड. पक्कं ठरलं.

पण फरशी पुसून पिळलेलं खारं पाणी तिनं बादलीत भरून ठेवलंय. ते ओतून द्यायला कोण येतंय? माझी हिंमत न्हाय.