आधी नाकाचं सांगा

माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांइतका चौकस माणूस उभ्या नाशिक जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर तो दाजींच्या प्रश्नांना कंटाळून एव्हाना जिल्हा सोडून गेला असेल. उत्तर मिळालं की तुमचं-आमचं समाधान होतं. दाजी मात्र उत्तर मिळालं की मांडी घालून नीट बसतात, कारण त्यांच्या दृष्टीने विषयाला आता कुठे सुरुवात झालेली असते. दिंडोरीच्या अलीकडे त्यांची द्राक्षबाग आहे. तिथे औषध विकायला येणारे कंपन्यांचे प्रतिनिधी आधी बांधावरून डोकावून दाजी आहेत की नाहीत ते पाहतात आणि नसले तरच आत येतात. लग्नाला गेले तर दाजी नवरानवरीला अक्षता टाकून थेट मांडवामागे आचाऱ्याजवळ सापडतात. हृदयाच्या तपासणीसाठी त्यांना टेबलावर झोपवलं होतं, तेव्हा हातातून नळी आत जात असताना त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "हिला आत वळणं कोण दाखवतं?" डॉक्टर आधी वैतागले, मग हसले आणि शेवटी पडदाच त्यांच्याकडे फिरवून ठेवला. आपलंच हृदय धडधडताना पाहून दाजी म्हणाले, "लय राबतंय बिचारं."

ताईला पाहायला आले तेव्हा वडीलमाणसं तिला नाव, शिक्षण, स्वयंपाक असं रीतसर विचारत होती. दाजींची पाळी आल्यावर त्यांनी विचारलं, "तुमच्या घरामागची चिंच अशी एका अंगाला का झुकलीय?" ताई मान वर न करता म्हणाली, "वारा रोज एकाच बाजूने येतो म्हणून." लग्न तिथेच ठरलं. ताई अजून म्हणते, "त्या दिवशी गप्प राहायला हवं होतं. तेव्हापासून उत्तरंच देतेय."

अशा माणसाला परदेशाची ओढ लागली ती एका नाकामुळे. मोबाईलवर कुणीतरी पाठवलेल्या एका चित्रफितीत कातड्याच्या बाहुल्यांचा, सावल्यांचा खेळ चालला होता. भाषा कळत नव्हती, पण एक राक्षसीण नाकाला हात लावून किंचाळत पळाली आणि दाजी ताठ बसले. गुरुवारच्या सकाळी ते नाशिकला माझ्या दारात हजर. मी इथे कॉलेजात इंग्रजी शिकवतो, म्हणून जगातल्या सगळ्या परकीय भाषांचा जिम्मा माझ्याकडे आहे असं ते धरून चालतात.

"पाव्हणं, ही शूर्पणखाच हाय ना?"

मी शोधाशोध करून सांगितलं, हो, हा जाव्यातला खेळ आहे, इंडोनेशियातला. तिथे रामायण घरोघरी माहीत आहे.

"म्हणजे नाक आपल्या पंचवटीत कापलं, त्याच्यावरून आपल्या गावाला नाव पडलं, अन् ही तिकडं समुद्रापार बोंबलत गेली? तिथं गावाचं नाव काय सांगतात? नाक पडलं कुठं म्हणतात?" मला माहीत नव्हतं. "मग जाऊन बघितलं पाहिजे," दाजी म्हणाले, जणू शेजारच्या पेठ गावाला जाऊन यायचं होतं.

कॉलेज रोडवरच्या एका सहल कंपनीत आम्ही गेलो. तिथल्या मुलीने बालीची रंगीत पत्रकं पसरली. उंच झोका, समुद्रकाठचं जेवण, तरंगता नाश्ता. दाजींनी तरंगता नाश्ता म्हणजे ताट बुडत कसं नाही हे विचारून घेतलं आणि मग म्हणाले, "हे सगळं छान हाय बाई, पण आधी नाकाचं सांगा." ती मुलगी माझ्याकडे पाहू लागली. आम्ही उठलो.

शेवटी माझ्या मुलीने जाव्यातल्याच योग्यकर्ता शहरातला एक स्थानिक वाटाड्या शोधून काढला. आरिफ त्याचं नाव. तिशी ओलांडलेला, हसरा, आणि आम्हाला बरं वाटावं म्हणून इंग्रजी सावकाश बोलणारा. दर रविवारी सकाळी माझ्या दिवाणखान्यात फोन उशीला टेकवून सहलीची आखणी सुरू झाली. मधे मी दुभाष्या. आरिफ त्यांना 'पाक दाजी' म्हणायचा. "पाक? साखरेचा?" त्यांनी विचारलं. त्यांच्याकडे वडीलधाऱ्याला तसं म्हणतात, असं कळल्यावर दाजींनी ताईलाही तसं म्हणून पाहायला सांगितलं. ताईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आरिफ बिचारा पाठ केल्यासारखं सांगायचा: अमुक देऊळ इतकं जुनं, तमुक इतकं उंच. दाजी हात वर करून थांबवायचे. "उंची तिथं गेल्यावर दिसंलच. मला सांगा, तुमची माणसं सकाळी उठून पहिलं काय खातात? भाताच्या खाचरात बदकं कशाला सोडता? घराचं छप्पर मधेच असं उंच का?" पहिल्या काही रविवारी आरिफ गोंधळला, मग त्याला मजा येऊ लागली. एकदा तर तो फोन घेऊन बाजारात गेला आणि टोफू तळणाऱ्या बाईला दाजींसमोर उभं केलं. तिचं तेल कधीचं आहे, हे दाजींनी विचारलं. मी भाषांतर करताना ते गाळलं.

आणि मग नाकाचा रविवार आला. बाहुल्यांच्या खेळात नाक कसं कापतात? बाहुली तर अख्खी कातड्याची. दर खेळाला कापलं तर दर खेळाला नवी बाहुली लागेल.

"मला ठाऊक नाही," आरिफ म्हणाला.

"मग कुणाला ठाऊक असंल?"

तो म्हणाला, "माझ्या वडिलांना." त्याचे वडील जन्मभर हाच खेळ करत आले होते. आरिफनेही तो लहानपणी त्यांच्या शेजारी बसून गिरवला होता. पण विशीत तो सगळं सोडून शहरात निघून आला, पाहुण्यांना देवळं दाखवू लागला. वडील म्हणाले, मग इकडे येऊ नकोस. तोही गेला नाही. गाव जवळच होतं, पण कैक वर्षं दोघांत शब्द नव्हता. हे मी हळू आवाजात मराठीत सांगितलं. ताईने मला डोळ्यांनी खुणावलं की आता विषय बदल.

दाजी म्हणाले, "मग जाऊन विचार की."

"आम्ही बोलत नाही," आरिफ म्हणाला.

"बोलायला कोण सांगतंय? बोलू नको. नुसतं विचार."

मी ते जसंच्या तसं सांगितलं. आरिफने मान खाली घातली, इंग्रजीत आभार मानले आणि फोन बंद केला.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. निरोपांना उत्तर नाही. विमानाची तिकिटं तर काढून झालेली. "लोकांच्या घरात नाक खुपसायची काय गरज होती?" ताई कडाडली. "वाटाड्या होता तो आपला, जावई नव्हे!" बागेत एप्रिलची छाटणी चालली होती. मी एकदा तिकडे गेलो तर ते मजुरांबरोबर मुकाट्याने काड्या गोळा करत होते. कुणाला काही विचारत नव्हते. औषधवाला खुशाल आत येऊन बसला होता आणि त्यालाही चैन पडत नव्हतं. "पाव्हणं," निघताना दाजी म्हणाले, "पोरगं दुखावलं माझ्यामुळं. आपलं काय, नाकाबिगर चाललं असतं."

मे महिन्यातल्या एका सकाळी फोन वाजला. आरिफ होता, पण मागे शहर नव्हतं. ओसरी होती, केळीची पानं होती, आणि शेजारी डोक्याला नक्षीचं फडकं बांधलेला एक बारीक म्हातारा. त्यांना थांबायला सांगून मी गाडी काढून दाजी आणि ताईला आणायला धावलो.

आरिफ काही आठवडे वेशीपर्यंत जाऊन परत येत होता. शेवटी आत गेला आणि त्याने नमस्कारही न करता विचारलं, "हिंदुस्थानातला एक शेतकरी विचारतोय, शूर्पणखेचं नाक तुम्ही कसं कापता?" म्हातारा उठून आत गेला आणि त्याने बाहुल्यांची पेटी उघडली.

आता म्हाताऱ्याने शूर्पणखेची बाहुली हातात धरली होती. आरिफ इंग्रजीत आणि मी मराठीत सांगत होतो. म्हातारा म्हणाला, मी नाक कापत नाही. बाहुली पडद्याला टेकलेली असली की सावली रेखीव पडते. लक्ष्मणाचा हात वर गेला की मी बाहुली पडद्यापासून मागे ओढतो. सावली मोठी होते, फुटते, चेहरा विरघळतो. मग नाक बघणारा स्वतःच मनात कापतो.

दाजींनी मांडीवर अशी थाप मारली की उशीवरचा फोन पालथा पडला. "बघणारा कापतो! ऐकलं का गं? बघणारा कापतो!"

मग म्हातारा म्हणाला, आता माझी पाळी. मी इतकी वर्षं राम-सीतेला त्या नदीकाठी बसवतोय. नदी डावीकडून उजवीकडे वाहते की उजवीकडून डावीकडे, मला कुणी कधी सांगितलं नाही. तुम्ही तिथले ना?

आयुष्यात दाजींना प्रश्न विचारणारं माणूस पहिल्यांदा भेटलं होतं. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला. तोंडी सांगून भागण्यासारखं नव्हतं. आम्ही तसेच रामकुंडावर गेलो. कपडे धुणाऱ्या बायका, दशक्रिया विधीला आलेली माणसं, भाजीवाले, सगळ्यांतून वाट काढत दाजी पायऱ्यांवर फोन उंच धरून उभे राहिले आणि ओरडून सांगू लागले, "ही अशी त्र्यंबककडून येते, अन् इथं बघा, इथं दक्षिणेला वळते!" म्हाताऱ्याने हाताने ते वळण हवेत काढून पाहिलं. तो इतकी वर्षं नदी सरळ नेत होता.

ऑगस्टमध्ये आम्ही गेलो. बागेला तेव्हा उसंत असते आणि जाव्यात पाऊस नसतो. प्रंबाननच्या देवळात आरिफने आम्हाला थेट त्या शिल्पापाशी नेलं, जिथे शूर्पणखा रामलक्ष्मणांपुढे येते. दाजींनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं, सरकत सरकत पुढची मागची शिल्पं पाहिली आणि ते कंबरेवर हात ठेवून उभे राहिले. दगड इतका झिजला होता की त्या ओळीत धड नाक फारसं कुणालाच नव्हतं. "पाव्हणं," ते म्हणाले, "हिचं तर हिचं, इथं रामाचं बी गेलंय."

पण खरा मुक्काम झाला तो आरिफच्या गावी. आखलेली बाकीची ठिकाणं राहूनच गेली. एका दुपारी खिडक्या लावून, घरात अंधार करून म्हाताऱ्याने पडदा बांधला. त्याच्या हातात अजून कसब होतं, पण आवाज पार बसला होता. म्हणून तो बाहुल्या नाचवत होता आणि त्यांचे संवाद आरिफ बोलत होता. राम, रावण, सीता, म्हातारा जटायू, सगळे आवाज त्याला आठवत होते. एका जागी तो अडखळला. बापाने मान न वळवता पुढचा शब्द पुटपुटला, लेकाने तो उचलला आणि खेळ पुढे गेला. ताईने पदर डोळ्याला लावला. दाजी पडद्यामागे, दिव्याच्या अगदी जवळ बसले होते आणि सबंध खेळभर त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. मला वाटलं, भारावून गेलेत. बाहेर आल्यावर ताई माझ्या कानाशी म्हणाली, "भारावलेत कसले? नीट ऐकू येईनासं झालंय त्यांना. वर्ष झालं. कुणाला सांगू देत नाहीत. हात बघत बसले होते."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हल्ली ते प्रश्न विचारला की माणसाच्या ओठांकडे का बघतात, आणि उत्तर अर्ध्यावर असतानाच मान का डोलावतात. कानाचं यंत्र आणलंय आता. ते खिशात असतं. त्यातून म्हणे सगळ्यांचे आवाज सारखेच येतात, आणि तसलं ऐकून काय करायचं.

रविवारचा फोन मात्र सुरू आहे. आरिफ आता आठवडाभर पाहुण्यांना देवळं दाखवतो आणि शनिवार-रविवारी गावी जाऊन बापाशेजारी बसतो. पुढच्या पावसाळ्यात दाजींना पुन्हा जायचंय. त्याची आखणी अर्थातच अजून संपलेली नाही. फोनच्या पडद्यावर दोन म्हातारे समोरासमोर बसतात. एकाला ऐकू येत नाही, दुसऱ्याचा आवाज उमटत नाही, आणि मी व आरिफ भाषांतर करून करून दमलो की गप्प बसतो. त्यांचं काही अडत नाही.

परवा दाजींनी फोनच्या काचेजवळ तोंड नेऊन विचारलं, "पाऊस कसा हाय तिकडं?"

कुणी भाषांतर करायच्या आधीच म्हाताऱ्याने त्यांच्याकडे बघून हसत शेजारची एक अर्धी कोरलेली नवी बाहुली उचलून दाखवली.

दाजी समाधानाने आमच्याकडे वळले. "चांगला झालाय म्हणतात."

ताई भाजी निवडत होती. तिने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हो. चांगला झालाय."