वाढवून टाका

आमच्या घरात ‘बंद’ हा शब्द कुणी उच्चारत नाही. नव्या पेठेत अप्पांचं टॉवेल-चादरीचं दुकान होतं, आणि रोज शटर ओढायच्या वेळी ते म्हणायचे, ‘चला, दुकान वाढवू या.’ नारळ फोडायचा नसतो, वाढवायचा असतो, बांगडी फुटत नाही, वाढते, तसंच हे. मी नऊ वर्षांची असताना भर गिऱ्हाइकांत ‘अप्पा, दुकान कधी बंद करणार?’ असं विचारलं आणि फाडकन कानाखाली बसली. माझ्या वडिलांनी मला मारलेली ती एकच. पुढे मी विज्ञान शिकले, निवृत्त होईपर्यंत हायस्कुलात तेच शिकवलं, अंधश्रद्धेवर पोरांना कंटाळा येईस्तोवर भाषणं दिली. पण घरात पंख्यालासुद्धा मी अजून ‘घालव’ म्हणते. हे आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या एका शब्दापायी झालं.

अप्पांनी एक्याऐंशी ओलांडली तेव्हा त्यांच्या हृदयाचे ठोके ताल सोडून पडायला लागले होते. डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवायची गोळी दिली आणि मला बाजूला घेऊन बजावलं, “बाकी काही चुकलं तर बघता येईल. ही चुकवायची नाही. गुठळी झाली तर थेट मेंदूत जाईल.” त्या दिवसापासून मी रोज सकाळी ती गोळी त्यांच्या तळहातावर ठेवायची आणि घोट घशाखाली उतरेपर्यंत समोरून हलायची नाही.

माझं वैर होतं ते एका मासिकाशी. पुण्याहून पोस्टानं येणारं, आरोग्याचं. वर्गणीदार अप्पा. मुखपृष्ठावर दर वेळी कुणीतरी म्हातारा दात दाखवत हसत असायचा आणि शेवटी घरगुती उपायांची पानं. एका महिन्यात अप्पांनी मीठ सोडलं, एकदा कारल्याचा रस पिऊन दिवसभर ओकत बसले. तेवढं मी चालवून घेतलं. मग एका उन्हाळ्यात मी चार दिवस गावाला जाऊन आले, तर गोळ्यांच्या डबीत चार गोळ्या जास्त निघाल्या.

“अप्पा, ह्या काय?”

“त्याच्यात आलंय की. लसूण खाल्ली की रक्त आपसूक पातळ हुतंय. डॉक्टर लोकांचं काय, त्यांचा धंदा हाय.”

मी ओरडले. मला ओरडताच येतं, समजावता येत नाही. शाळेतही हीच ख्याती होती. पुढचा अंक आला तो मी ज्वारीच्या डब्यात खुपसला. अप्पा तीन दुपारी फाटकाशी उन्हात खुर्ची टाकून बसले आणि शेवटी पोस्टमननं सांगून टाकलं, “दिला की काका, ताईंच्या हातात.” मी अंक काढून दिला, तर अप्पांनी तो घेतला नाही. “साकु,” म्हणाले. रागावले की ते कन्नडमध्ये शिरतात. पुरे, विषय संपला, असा त्याचा अर्थ. आठवडाभर माझ्याशी बोलणं नाही. गोळी घ्यायचे, पण भिंतीकडे बघत. हा माणूस हट्टापायी जीव देईल अशी मला भीती वाटायला लागली. मासिकाचं मूळच उपटायचं ठरवलं.

अंकाच्या शेवटच्या पानावर फोन नंबर होता. सकाळी अकराला स्वयंपाकघरात उभी राहून लावला. मधे फक्त भिंत, पलीकडे अप्पा. कुणी मुलगी गोड आवाजात म्हणाली, “बोला मॅडम.” मी अप्पांचा फोन नंबर सांगितला. पुढचं वाक्य मी पाठ केलं होतं. तोंड उघडलं आणि गाल तापला, अगदी तोच, डावा. साठीची बाई मी! आवाज खाली आणून म्हणाले, “ते आमचं मासिक... आता वाढवून टाका.”

“हो मॅडम, लगेच. नाव, पत्ता तोच ना?”

“तोच.”

“झालं मॅडम. मेसेज येईल.”

इतकं सोपं? कारण नाही विचारलं, अर्ज नाही मागितला. मला तर त्या मुलीचं कौतुक वाटलं.

मेसेज अप्पांच्या फोनवर आला. त्यांनी तो वाचला, पुन्हा वाचला आणि फोन माझ्यापुढे धरला. ‘आपली वर्गणी वाढवली आहे. धन्यवाद.’ मी मान डोलावली. आता स्फोट होणार म्हणून श्वास धरून उभी राहिले. पण अप्पांचा चेहरा मऊ पडला होता. संध्याकाळी ते आपणहून माझ्याशी बोलले, शेंगाची पोळी कर म्हणाले. मी दोन जास्तच वाढल्या.

पुढच्या महिन्यात अंक आलाच. वाटेत असलेला असेल, असं मी धरलं. आता शेवटचाच, म्हणून हसत त्यांच्या हातात दिला. अप्पा आठ दिवस तो वाचत होते, पेन्सिलीनं खुणा करत. सकाळी गोळी मुकाट्यानं तोंडात टाकायचे, वर पाणी प्यायचे, ‘झालं?’ म्हणून मलाच विचारायचे. भांडण मिटलं होतं. घरात एवढी शांतता कधी नव्हती, आणि मी ती उपभोगत होते.

एका सकाळी चहाची कपबशी त्यांच्या उजव्या हातातून सुटली. मी फडकं घेऊन वाकले, वर पाहिलं, तर त्यांचं तोंड एका बाजूला ओघळलं होतं.

दवाखान्यात नर्सनं त्यांचा सदरा माझ्याकडे दिला. खिशात अकरा गोळ्या होत्या, थुंकीनं मऊ झालेल्या, एकमेकींना चिकटलेल्या.

चौथ्या दिवशी शब्द फुटले, अडखळत, वाकडे. मी विचारलं, अप्पा, का? ते माझ्याकडे नवलानं बघत राहिले.

“वर्गणी... संपत आलती. मी सोडणार हुतो. डोळं लई दुखतेत. पन तू वाढवलंस की. पैसं मी पोस्टमनकडं दिलं. म्हटलं, पोरीला बी पटलंय, गोळी नुस्ती डॉक्टरच्या धाकानं देतीय.”

घरी येऊन मी त्या अंकाचं पाकीट शोधलं. मी ती पाकिटं न बघता फाडत आले होते. यावर छापलं होतं: वर्गणीची मुदत वाढवली. मग रद्दीतून त्याच्या आधीच्या महिन्याचं काढलं, ज्वारीच्या डब्यातल्या अंकाचं. त्यावर होतं: वर्गणी समाप्त, हा आपला शेवटचा अंक. मी फोन केला नसता तर ते मासिक आपोआप संपलं असतं. त्याला माझ्या बापाच्या घरात परत बोलावलं ते मीच.

अप्पांना घरी आणलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पुन्हा झटका आला तर हाती काही राहणार नाही. पंधरा दिवसांत पोस्टमन पुन्हा अंक घेऊन दारात. मी तिथल्या तिथे फोन लावला, अप्पांच्या खाटेशेजारी उभी राहूनच; आता भिंतीआडून बोलायचं नव्हतं.

“मासिक बंद करा,” मी म्हणाले. “बंद. ऐकू येतंय ना? बंद!”

तीनदा म्हणाले. खाटेवरून आवाज आला, वाकडा, घाबरलेला. “वाढव म्हन की गं.”

“मॅडम?” पलीकडची मुलगी विचारत होती. “वाढवायचं की बंद करायचं?”

अप्पांचे डोळे माझ्या तोंडाकडे लागले होते. “बंद,” मी म्हणाले. त्यांनी डोळे मिटून घेतले. मी फोन टाकला आणि त्यांच्या छातीवर हात ठेवला. विज्ञान शिकवलेली बाई मी. ठोके ताल सोडून पडत होते, मधेच थांबत होते, आणि प्रत्येक थांब्याला मी ‘वाढव, वाढव’ म्हणत होते.