दाराच्या खटक्यावरची पट्टी
काळ्या चिकटपट्टीचा वास आला की मरोळची आमची लॅब आठवते. काचेवरच्या पातळ थराला एक्स-रे जेमतेम घासून जाईल असा नमुना बसवायला मशीनचं दार सारखं उघडावं लागे, आणि दरवेळी किरण बंद पडू नयेत म्हणून, दार उघडताच ते बंद करणाऱ्या दाराच्या खटक्यावर कुणीतरी पट्टी मारलेली. एकदा लॅबमधल्या माझ्या मैत्रिणीने आत हात घातला तेव्हा किरण चालू असल्याचा लाल दिवा पेटलेलाच होता. "हात काढ गं!" मी किंचाळले. "अगं, गरमसुद्धा लागलं नाही," ती हसली. डॉक्टर म्हणाले, किरणांनी भाजलं असेल तर काही दिवसांनी दिसेल. रोज सकाळी ती बोटांचा फोटो पाठवायची आणि तो उघडायची माझी हिंमत व्हायची नाही. शेवटी काहीच झालं नाही. पण अजूनही भेटलो की माझी नजर आधी तिच्या हाताकडे जाते, आणि ती न हसता तो पुढे करते.