हात मांडीखाली घेऊन बसणारा

वेळ संपून स्क्रीनवरचं पान पुन्हा मिटलं आणि माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख चौथ्यांदा हुकली. शेजारचा टकलू इंजिनीअर समोर बसून होता. दवाखान्याची ती वेबसाइट त्यानंच केलेली. लोकांना ती जमते का हे बघताना मदत करायची नाही, असा त्याचा नियम. हात वळवळतात म्हणून तो ते मांडीखाली दाबून बसतो.

"अक्का, मी इथं नाहीच असं समजा."

"मग माझा चहा कोण ढोसतंय? तूच घे की तारीख."

"मग बाकीच्या अक्कांची कोण घेणार?"

"बटण कुठाय, मेल्या?"

"दिसत नाही?"

"दिसत असतं तर ऑपरेशनला कशाला निघाले असते?"

हे त्यानं वहीत लिहून घेतलं, 'मेल्या'सकट. मग उठून माझ्या डब्यातलं तूप स्वतःच्या चष्म्याला फासलं आणि स्वतः तारीख घ्यायला बसला. फिकट राखाडी बटण शोधेपर्यंत त्याचंही पान मिटलं.

"अय्यो," एवढंच म्हणाला.

पुढच्या रविवारी बटण काळं, ठसठशीत होतं आणि पान मुकाट थांबून राहिलं. त्याचे हात मांडीखालीच होते. तारीख मी घेतली. माझं वय एकोणऐंशी, शाळा चौथीपर्यंत.