चूर्ण औषधात धरत नाहीत

चौसाळ्याकडची जनावरं छावणीत बांधली गेली, त्या दुष्काळात माझा थोरला भाऊ गावच्या दूध सोसायटीचा सचिव होता. दूध आटलेलं. दूध संघाचे संचालक कुणाच्या हाती लागत नसत, म्हणून लोक रोज सकाळी दादालाच शिव्या घालत. त्याची छाती धडधडू लागली. माणसं दिसली की तो कॅनांच्या मागं जाऊन उभा राही.

मी त्याला बीडला नेलं. डॉक्टर म्हणाले, हृदय ठीक आहे, ही मनाची भीती आहे. गोळी लिहून दिली आणि पाच मिनिटांत आम्ही बाहेर. सोबत काय घ्यायचं नाही, हे त्यांनीही सांगितलं नाही, मेडिकलवाल्यानंही नाही.

धडधड कमी झाली, पण झोप लागेना. धारूरच्या बाजारात मी एका जडीबुटीवाल्यापाशी थांबले. दादाला बीडची गोळी चालू आहे, हे मी त्याला सांगितलं होतं. तो हसला.

"घ्या की ताई. झाडपाल्याचं हाय, अपाय कायबी न्हाई."

पुडीवर नाव नव्हतं, आत काय घातलंय तेही लिहिलेलं नव्हतं. मी शाळेत शिकवते, आणि मी ती घेतली.

चौथ्या दिवशी सकाळी दूध मोजता मोजता दादा काट्यावरच कोसळला. कपाळ फुटलं. रांगेतला एक जण म्हणाला, "सकाळीच ढोसून आलाय बे ह्यो." लोक हसले. दादानं जन्मात दारूला हात लावलेला नाही. मी पोचेपर्यंत तो तिथंच पडून होता, श्वास मंद, हाका मारल्या तरी डोळे उघडेना. एवढ्या माणसांत एकानंही त्याला उचललं नव्हतं.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळीशिवाय आणखी काही घेत होते?"

"न्हाई," वहिनी म्हणाली.

मीही मान हलवली. मग म्हणाले, "झोपेचं चूर्ण देत होते. पण ते काही औषधात धरत नाहीत."

त्यांचा हात थांबला. "ताई, ही गोळीही गुंगी आणते आणि झोपेचं चूर्णही. दोन्ही एकत्र झाली की श्वासच मंदावतो. हे आधी सांगायचं."

दुसऱ्या दिवशी दादा शुद्धीवर आला. कपाळाला सहा टाके. वहिनी गोळ्याही फेकायला निघाली, तेव्हा डॉक्टरीणबाई ओरडल्याच, "एकदम बंद करायच्या नाहीत! त्यानंही त्रास होतो. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा."

पुढच्या बाजाराला मी धारूरला गेले. जडीबुटीवाला म्हणाला, "जास्त घेतलं आसंल. आमचा माल शुद्ध हाय." मी त्याच्या पुड्या रस्त्यावर फेकल्या. माणसं जमली आणि मलाच समजावू लागली.

मग बीड. डॉक्टर फाईलमधून मान वर न करता म्हणाले, "तुम्ही सांगायला हवं होतं."

"तुमी इचारलं का?" शाळेतली भाषा विसरून मी ओरडले. "एकदा तरी इचारलं?"

त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

दादा महिन्यानं कामावर गेला, वर्षभरात गोळीही सुटली. त्यानं मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. ती पुडी दुधात कालवून मीच त्याच्या हातात देत होते, आणि "पी, साधं चूर्ण हाय," असं म्हणत होते.