भट्टीचा डॅशबोर्ड बंद करणार नाय

वाळूजच्या आमच्या कारखान्यात भट्टीचं तापमान दाखवणारा डॅशबोर्ड मी बनवला होता. स्टोअरमधला भंगारात निघालेला कॉम्प्युटर, त्यावर लिनक्स, बस. त्याआधी भट्टी सांभाळणारे चाचा दर अर्ध्या तासाला तिच्या तोंडाशी जाऊन आकडा वाचायचे आणि खोकत परत यायचे. धगीपासून लांब राहा, असं डॉक्टरनं त्यांना बजावलं होतं. आता ते केबिनमध्ये बसून स्क्रीन बघायचे.

मग हेड ऑफिसचा इंजिनिअर आला. नेटवर्कवरून उघडाच जाणारा आमचा पासवर्ड त्यानं सगळ्यांसमोर स्वतःच्या लॅपटॉपवर वाचून दाखवला. "मॅडम, सोमवारी हे बंद करा." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चूक माझीच होती, म्हणून जास्तच. म्हटलं, "बंद नाय होणार. नीट होईल."

शनिवार-रविवार स्टोअरमध्येच ठाण मांडलं. पासवर्ड वाटेत कुणाला वाचता येऊ नये म्हणून एचटीटीपीएस लावायचं, तर त्याला सर्टिफिकेट लागतं, आणि ते देणारे आधी इंटरनेटवरून तुमच्या सर्व्हरवर येऊन खात्री करतात. आमची फायरवॉल बाहेरच्या कुणाला दारात उभं करत नाय. लई वेळा नकार आला. शेवटी डोमेनच्या डीएनएसमध्येच, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांच्या नोंदवहीत, डोमेन आमचंच असल्याच्या पुराव्याची ओळ टाकली, तेव्हा कुठं सर्टिफिकेट पदरात पडलं. सहज डॅशबोर्डचा जुना, एचटीटीपीएस नसलेला पत्ता टाकून बघितला, तर तो अजून उघडाच. तोही बंद केला. नवा पासवर्ड सोमवारी सकाळी चाचांना सांगितला.

दुपारी इंजिनिअर साहेबानं परत तपासलं. लॅपटॉपवर नुसती गिचमिड. मनात म्हटलं, घे आता. पण तो उठून भट्टीकडं गेला आणि तिथून मला हाक मारली. पॅनेलच्या दारावर खडूनं ठळक अक्षरात नवा पासवर्ड. आमच्याकडं शिफ्ट बदलताना पुढच्याला लागेल ते सगळं तिथंच लिहितात. भट्टीत माल कोणता, काढायचा कधी.

"सेकंड शिफ्टवाले को लगता ना, बेटी," चाचा म्हणाले.

"झालं तुमचं एचटीटीपीएस?" साहेब हसला.

लाज वाटली, पण मान खाली घालायची नाय असं ठरवलं. ओढणीनं खडू पुसला.

"पासवर्ड असा लिहायचा नसतो हे मी यांना सांगितलंच नव्हतं, माझं चुकलं. आजपासून ज्याचा त्याचा पासवर्ड वेगळा. तो बदलायला दोन मिनिटं लागतात, साहेब. चाचांचं फुफ्फुस कोण बदलून देणार? बंदच करायचं असेल तर दर अर्ध्या तासाला भट्टीवर तुम्ही जायचं."

त्यानं भट्टीच्या तोंडाकडं बघितलं, कपाळाचा घाम पुसला आणि केबिनकडं चालू लागला. डॅशबोर्ड चालू आहे.