उसनी फजिती

"म्हणजे तू कधीच नापास झाली नव्हतीस?"

"आवाज हळू कर. दार उघडं आहे."

"दार गेलं खड्ड्यात! नापास झाली होतीस की नव्हतीस?"

"अगं, प्रश्न तो नाहीये..."

"प्रश्न तोच आहे, ताई. गणितात नापास झालीस, पेटी भरलीस, स्टँडवर गेलीस. झालं होतं की नव्हतं?"

"झालं होतं. कुणाला तरी."

"कुणाला तरी?"

रविवारची सकाळ होती. खोलीतली तिसरी मी. कपड्यांना इस्त्री करत होते. इस्त्री बंद केली, पण जागची हलले नाही. हलले असते तर मी तिथे आहे हे दोघींच्या लक्षात आलं असतं.

ओरडत होती ती पाना. पहिलं वर्ष, अंगाने काडी, आवाज मात्र ट्रकच्या भोंग्यासारखा. तिचं खरं नाव हजेरीपुरतं. वसतिगृहात आल्या आल्या तिने पहिलं काय केलं असेल, तर माझी डुगडुगणारी खुर्ची उलटी केली आणि पिशवीतून पाना काढून चारही पाय आवळले. मग खुर्ची सुलटी करून म्हणाली, "बसा. मी तुमची नवी खोलीवाली." तेव्हापासून ती पाना. कुणाचा नळ गळला, कुणाच्या कपाटाची कडी निखळली, की जिन्यावरून हाक यायची, "पाने, ये गं!" आणि ही अभ्यास टाकून पळायची. अभ्यास टाकायला तिला निमित्तच हवं असायचं म्हणा.

तिच्या वडिलांचं गॅरेज आहे, गाव संपतं तिथे, मोठ्या रस्त्याला लागून. मेकॅनिक माणूस दिवसभर गाड्यांखाली, त्यामुळे लहानपणी पानाची वडिलांशी निम्मी बोलणी त्यांच्या बुटांशी झाली. शाळेतून आली की बाहेर आलेल्या बुटांपाशी उकिडवी बसायची आणि दिवसभराचं सगळं सांगायची. कुणाशी भांडण झालं, कुणाचा डबा सांडला, बाईंनी कुणाला उभं केलं. गाडीखालून "हं", "मग?" "त्याला तू काय म्हणालीस?" असे हुंकार यायचे. एकदा ती बराच वेळ गप्प बसली, तर खालून आवाज आला, "काय लपवतेयस?" बुटांकडे बघून तिला वाटलं, यांना डोळे आहेत की काय!

"बाबांना ना," पाना सांगायची, "गाडी बिघडली याचा राग येत नाही. खडखड ऐकू येत असताना गिऱ्हाईक तशीच दामटत राहतं, त्याचा येतो. म्हणतात, अरे, तेव्हाच आणली असतीस तर एका नटावर भागलं असतं."

विद्यापीठात यायला निघाली तेव्हाही ते तेच म्हणाले, फक्त गाडीचं नाव न घेता. "नापास झालीस तरी आभाळ कोसळत नाही. पण मला ते दुसऱ्याच्या तोंडून कळता कामा नये. कबूल?"

"कबूल."

"हात दे."

तिने दिला. तळहाताला ग्रीस लागलं आणि बसमध्ये ते नव्या ओढणीला पुसलं गेलं. ती ओढणी तिने अजून धुतलेली नाही.

आता ताई. ताई तिसऱ्या वर्षाला, संख्याशास्त्र. आमच्याकडे पहिल्या वर्षाच्या प्रत्येकाला वरच्या वर्गातला एक सोबती मिळतो. मुलांना दादा, मुलींना ताई. ग्रंथालय कुठे, कुठले सर हजेरी घेतात, रडायचं झालं तर कुठे बसून रडावं, सगळं त्याने सांगायचं. पानाच्या वाट्याला ताई आली तेव्हा बाकीच्या मुली जळल्या होत्या. कारण ताई म्हणजे ताई. पानाला ताप आला तेव्हा ही आपला तास बुडवून दवाखान्याबाहेर बसून राहिली. गणितं तर दहादा समजावायची, आणि अकराव्यांदाही कपाळाला आठी नाही. ती वाईट असती तर एवढं लागलं नसतं.

सोबत्यांची एक रीत आहे. पहिल्या भेटीत ग्रंथालयाच्या मागच्या पायऱ्यांवर बसायचं आणि सोबत्याने आधी आपली फजिती सांगायची. पहिल्या वर्षाची, खरीखुरी. आपलं झाकण उघडलं की समोरच्याचं उघडतं, असं समुपदेशक सर म्हणतात. ताईने तिथेच पानाला आपली फजिती सांगितली.

ती पानाने आम्हाला इतक्यांदा ऐकवली की मलाही पाठ झाली. पहिल्या सत्रात ताई गणितात नापास. कुणाला न सांगता पेटी भरली. पेटीचं एक चाक मोडलेलं, त्यामुळे रस्ताभर खर्रर्र, सगळं जग वळून बघतंय. स्टँडवर तिकिटाच्या खिडकीत माणसाने विचारलं, "कुठलं?" आणि ताईच्या तोंडून गावाचं नावच निघेना. मागचा माणूस खेकसला, "अहो बाई, ठरवून तरी या!" ताई बाजूला झाली. बाजूला झाली आणि तशीच परत आली. घरी काही बोलली नाही. फेरपरीक्षा दिली, पास झाली, मगच वडिलांना सांगितलं. ते आधी महिनाभर फुगले, मग हसले आणि पाठीत एक धपाटा घातला.

पाना सत्राच्या शेवटी गणितात नापास झाली, तेव्हा सरळ फोनकडे निघाली होती. ताईने तिला दारातच धरलं.

"आत्ता सांगून काय करणार आहेस? त्यांना उगाच घोर. मी सांगितलं होतं का? पास हो, मग सांग. हसतील."

"पण मी कबूल केलंय गं."

"मीही केलं होतं."

बघा, एवढं एकच वाक्य. त्या वाक्यावर पाना थांबली.

त्यानंतर दर रविवारी फोन. पाना बोलायची, आणि पलीकडून वडील म्हणायचे, "तुझ्या बोलण्यात आवाज कसला येतोय गं? इंजिन बरोबर नाही वाटत."

"सर्दी, बाबा."

पुढच्या रविवारी, "अजून सर्दी?"

"हवा खराब आहे इथली."

"लांबली गं तुझी सर्दी." असं म्हणून ते गप्प व्हायचे. वाट बघत असायचे. ही फोन ठेवून भिंतीकडे तोंड करून पडायची.

आणि मग व्हायचं ते झालं. विद्यापीठाच्या कचेरीतल्या एका कारकुनाची गाडी नेमकी त्यांच्या गॅरेजसमोर बंद पडली. वडिलांना कोण अभिमान! गाडीखालूनच म्हणाले, "माझी मुलगी तुमच्याकडेच आहे हो." नाव सांगितलं. कारकून भला माणूस, कौतुकानेच म्हणाला, "अच्छा, ती होय! नापासांच्या जादा वर्गाला असते. कष्टाळू आहे, निघेल हो." वडिलांनी काम पुरं केलं, बाहेर आले, हात पुसले, गाडी सुरू करून दिली. त्या रात्री ते जेवले नाहीत, असं पानाची आई फोनवर म्हणाली. त्यानंतर फोन आईच उचलते. "बाबा कामात आहेत." दर वेळी कामात.

तरी पाना तग धरून होती, तीही ताईच्या गोष्टीवरच. "ताईचेही बाबा महिनाभर बोलत नव्हते. मग हसले. हसतात गं, सगळ्यांचे हसतात." दात घासताना म्हणायची, आरशाला.

काल जादा वर्गात एक मुलगा कुठल्या बाकावर बसावं ते न कळून मधेच घुटमळत उभा राहिला. पानाच्या मागची मुलगी पुटपुटली, "ठरवून तरी या!"

पाना गर्रकन वळली. "तू माझ्या ताईकडे आहेस?"

"नाही. का?"

"मग हे तुला कुठून?"

"माझ्या दादाचं आहे. माझा सोबती. तो पहिल्या वर्षी पळून चालला होता, तर तिकिटाच्या खिडकीत..."

"पेटीचं चाक मोडलं होतं?"

"हो! तुला कसं माहीत?"

पुढच्या बाकावरची तिसरी मागे वळली. "खर्रर्र? अगं, हे तर माझ्या ताईचं!"

मग काय, अख्खा नापासांचा वर्ग खो खो हसत सुटला. आमचा दादा, तुमची ताई, एकच पेटी, एकच खिडकी! पानानेच मला हे सांगितलं, कोरड्या डोळ्यांनी. म्हणाली, "सगळे हसले. मलाही हसायचं होतं. तोंड उघडेचना."

आणि आज सकाळी ताई नेहमीसारखी गणितं घेऊन आली होती.

"सर म्हणाले, प्रत्येकाने आपली फजिती सांगा," ताई आता खाटेच्या कडेवर बसली होती, बोटं बोटांत अडकवून. "माझ्याकडे नव्हतीच गं. मी कधी नापासच झाले नाही. मग काय सांगायचं? पहिली आले हे? कोण बोललं असतं माझ्याशी?"

"म्हणून चोरलीस."

"चोरली काय! माझ्या ताईने मला सांगितली होती. तिला तिच्या ताईने. आमच्यात चालतंच ते. ज्याच्याकडे नाही तो उसनी घेतो. हेतू चांगला असतो."

"मग पेटी कुणाची होती?"

"माहीत नाही."

"ती मुलगी परत आली, हे तरी माहीत आहे?"

ताईने अडकवलेली बोटं सोडवली, पुन्हा अडकवली.

"म्हणजे ती गाडीत बसून निघूनही गेली असेल. तिच्या बापाने तिला घरात घेतलं नसेल. हसले, धपाटा घातला, हे कुणी घातलं त्यात? तू?"

"धपाटा... धपाटा मी घातला." ताईचा आवाज खाली गेला. "तुला बरं वाटावं म्हणून."

पाना मटकन खाली, जमिनीवरच बसली. "मी महिनाभर त्या धपाट्याची वाट बघतेय, ताई."

"पण उपयोग झाला ना? तू राहिलीस की नाही? नाहीतर पहिल्याच निकालाला..."

"पहिल्याच निकालाला मी फोन करणार होते! दारापर्यंत गेलेही होते. बाबा म्हणाले असते, बरं झालं सांगितलंस, आता काय करायचं ते बोल. एवढंच म्हणाले असते. मला माहीत होतं ते. मला माझे बाबा माहीत होते गं, आणि मी तुझ्या बाबांवर विश्वास ठेवला! जे तसे नाहीतच!"

"माझे बाबा चांगले आहेत."

"असतील ना! त्यांच्या नावावर तू काय खपवलंस, ते त्यांना कुठे माहीत आहे?"

तेवढ्यात रेक्टरबाई दारात. धापा टाकत. "पाने, खाली वडील आलेत तुझे. सोफ्यावर बसा म्हटलं तर बसेनात. म्हणतात, कपडे कामाचे आहेत, खराब होईल. व्हरांड्यात उभे आहेत केव्हाचे. जा बाई, मला बघवत नाही." आणि गेल्या.

खालून कुणीतरी खाकरल्याचा आवाज आला. पानाने मान वर केली. तिला तो आवाज शंभर माणसांतही कळला असता.

ताई पटकन उठली. केस सारखे केले. "थांब. मी येते तुझ्याबरोबर. मी बोलते. मोठ्या माणसांशी मला बोलता येतं."

"काय बोलशील?"

"सांगते ना नीट समजावून. की काका, पहिल्या वर्षी होतं असं, घाबरून मुलं लपवतात, मी सुद्धा..."

ताई थांबली. ती थांबली नसती तर ते पुन्हा खोटं आहे हे कळलंही नसतं, इतकं ते सहज आलं होतं. मलासुद्धा क्षणभर खरंच वाटलं होतं.

पाना हसली. वर्गात न उघडलेलं तोंड आता उघडलं, पण ते हसणं ऐकून मी इस्त्रीची वायर घट्ट धरली. "नको, ताई. तू नको बोलूस. तुझ्या तोंडून ते इतकं खरं वाटतं ना, की मी पुन्हा विश्वास ठेवीन."

ती उठली. तोंडावर पाणी मारलं, बाहीलाच पुसलं. चपला शोधायला लागली. एक खाटेखाली गेली होती, ती पायाने ओढली.

"हे बघ," ताई मागे मागे. "राग आहे, मान्य आहे. मी माफी मागते. पण त्यांना आत्ता तरी... म्हणजे, तू सांगणार काय आहेस? स्वतःहून लपवलंस असं, की..."

पाना चपलेचा पट्टा लावत होती.

"उद्या सर पुढच्या वर्षीच्या सोबती प्रमुखाचं नाव जाहीर करतायत. तुला माहीत आहे, माझंच आहे. तुझे वडील जर कचेरीत गेले, तक्रार केली... मी तुझ्यासाठी किती केलंय, पाने. दवाखान्यात कोण बसलं होतं?"

पट्टा लागला. पाना ताठ उभी राहिली आणि पहिल्यांदा तिने ताईकडे नीट बघितलं, डोक्यापासून पायापर्यंत, अनोळखी माणसाकडे बघावं तसं.

"एवढंच सांग," ताई म्हणाली. "माझं नाव घेणार आहेस का?"

पानाने तिच्या बाजूने वाट काढली, दार पुरतं उघडलं आणि जिन्याकडे निघून गेली.